चौदा नंबरची ढोली

मी तेहतीस वर्षं ओव्हरसियर होतो. पूल, मोऱ्या, बंधारे, शाळा, जे सांगाल ते बांधून घेतलं. माझ्या देखरेखीखाली लागलेला गिलावा कुठे फुगला किंवा सुटला असेल तर दाखवा, मिशी उतरवतो, असं मी कर्जतच्या स्टँडवर चारचौघांत म्हणायचो. मिशी अजून शाबूत आहे. पण हल्ली मी ते वाक्य म्हणत नाही, आणि का म्हणत नाही तेच सांगायला बसलोय.

मुळात मला स्वस्थ बसता येत नाही. रोगच आहे हा. रिटायर झालो त्या वर्षी घरातले नळ, कड्या, बिजागऱ्या सगळं दोन महिन्यांत दुरुस्त करून संपवलं. मग शेजाऱ्यांकडे शिरलो. शेवटी आमची उमा हात जोडून म्हणाली, "अहो, लोकांच्या कड्या सोडा आता. काहीतरी मोठं काम बघा." त्याच सुमारास कर्जतच्या हायस्कूलमधल्या सुचेताबाईंनी कुंभेवाडीच्या राईचं काढलं.

कुंभेवाडी खोपोली रस्त्यावरच्या फाट्यापासून आत दीड मैल. गावामागे नाल्यापासून डोंगराच्या पायथ्यापर्यंत सोळा एकरांची राई. देवाची नव्हे, गावाची. ऐन, किंजळ, हेद आणि नाल्याच्या कडेने उंबर. सुचेताबाई शास्त्र शिकवतात आणि सुट्टीच्या दिवशी पाखरांच्या मागे उन्हातान्हात हिंडतात. त्यांनी गावातले दहा-बारा जण आणि कर्जतचे आम्ही पाच-सहा रिकामटेकडे गोळा करून १९७६ साली राई मंडळ काढलं. दर रविवारी सकाळी श्रमदान. घाणेरी मुळासकट उपटायची, वणवा आत शिरू नये म्हणून कडेचं गवत कापून पट्टा मोकळा ठेवायचा, नाल्यात दगड रचून पाणी अडवायचं. मी आल्यावर मंडळाला शिस्त आली, असं माझं मत आहे. बाई यावर नुसत्या हसायच्या.

राईत फिरताना माझ्या डोळ्यांत खुपल्या त्या ढोल्या. जुना ऐन पाहावा तर त्याला कुठे ना कुठे भोक. इकडे भाताचं रोप टाकण्याआधी शेतकरी जमीन भाजतात. शेण, पालापाचोळा आणि ऐनाच्या तोडलेल्या फांद्या पसरून पेटवतात, त्याला राब म्हणतात. आज्या-पणज्यांपासून फांद्या तोडल्या, त्या जखमांत पाणी मुरलं, लाकूड कुजलं आणि झाडं पोकळ झाली. भिंतीला भोक पडलं तर आपण काय करतो? बुजवतो. मी तेच करायचं ठरवलं.

"नाना, ढोल्यांत पाखरं राहतात हो," सुचेताबाई म्हणाल्या होत्या.

"पाखरांना फांद्या आहेत की! झाडच कोसळलं तर पाखरं कुठे बसतील?" मी म्हटलं. वादात मी बहुतेक वेळा जिंकतो. माझा आवाज मोठा आहे.

७७ सालच्या मार्चमध्ये कामाला लागलो. ढोलीच्या तोंडाशी विटांचे तुकडे बसवायचे, वर एकास चारचा सिमेंटचा गिलावा, आणि ओल्या गिलाव्यावर थापीच्या टोकाने नंबर आणि तारीख. मोरीवर घालायचो तशीच. तेरा ढोल्या झाल्या आणि परमिटचं सिमेंट संपलं. चौदा ते सतरा या चार ढोल्या माती आणि शेण कालवून तात्पुरत्या बुजवल्या. पुढच्या वर्षी पक्क्या करू म्हटलं.

मंडळाचा एक नियमही मीच करून घेतला. राईत कोयता घेऊन कुणी झाडावर चढायचं नाही. नियम झाल्यावर तो मोडणाराही निघतोच. आमच्यात तो पदू निघाला. पन्नाशीचा, काटकुळा, गावातला सगळ्यात जुना चढणारा. ७८ सालच्या होळीआधी मी त्याला अकरा नंबरच्या ऐनावर धरला. खाली तोडलेल्या फांद्यांचा, टाळांचा, हा ढीग! मी त्याला सगळ्यांसमोर उतरवलं, त्याचा कोयता आणि फांद्या ओढायची आकडी घेतली आणि गावातल्या शाळेच्या ओसरीवर मंडळाची पत्र्याची पेटी होती, तीत टाकून कुलूप लावलं. किल्ली माझ्या जानव्याला.

"राब नाय भाजला तर रोप कशावर टाकू, नाना?" पदूने विचारलं. "तुमच्या सिमिटावर?"

सगळे हसले. मी नाही हसलो. पदू त्या दिवसापासून रविवारी यायचा बंद झाला आणि मला त्याचं काडीचंही वाईट वाटलं नाही.

आता मूळ गोष्ट. ९ एप्रिल १९७८, रविवार. सिमेंट मिळालं होतं. माझा उजवा गुडघा गेल्या मे महिन्यात नाल्यातल्या बंधाऱ्याच्या कामावर गेला, तेव्हापासून चढणं बंद. म्हणून शिडीवर गजा होता. गजा गावातलाच, खोपोलीच्या कारखान्यात नोकरीला, हाताचा चांगला. पंधरा, सोळा, सतरा या तीन ढोल्यांची माती पावसात केव्हाच वाहून गेली होती. त्या नव्याने बुजवल्या. मग नाल्याकाठच्या चौदा नंबरला शिडी लावली.

"नाना, ह्येचा गिलावा हाय की जागंवर!" गजा वरून म्हणाला. "बोटभर उबी चीर ऱ्हायलीय नुसती."

माझी छाती फुगली, खोटं कशाला बोलू. माती आणि शेणाचा गिलावा, दीडशे इंच पाऊस, आणि जाग्यावर! मी खाली उभ्या असलेल्यांना दहा मिनिटं भाषण दिलं. मातीत पाणी किती घालावं, शेण किती, मळावं कसं. शेजारच्या तीन ढोल्या त्याच मातीच्या होत्या आणि त्या वाहून गेल्या होत्या. मग हीच कशी राहिली, हा प्रश्न तेहतीस वर्षांच्या ओव्हरसियरला पडायला हवा होता. नाही पडला. कौतुक आपलं असलं की प्रश्न पडत नाहीत.

"आत काय तरी खसफसतंय, नाना," गजा म्हणाला.

"पाल असेल. हात चालव, माल सुकतोय."

गजाने थापीवर माल घेतला. मग त्याने चीर भरली, वरून सगळ्यावर सिमेंटचा हात मारला आणि नंबर-तारीख घातली.

संध्याकाळी सुचेताबाई घरी आल्या. त्या सकाळी आमच्यात नव्हत्या, शाळेच्या मुलींना घेऊन राईच्या वरच्या टोकाला उंबरापाशी बसल्या होत्या. उमाने चहा टाकला. बाई खुर्चीवर टेकायच्या आधीच बोलायला लागल्या.

"नाना, आपल्या राईत धनेशाचं घरटं आहे! नर सकाळपासून उंबरं खातोय आणि गळ्यात भरून नाल्याकडे नेतोय. म्हणजे मादी आत बसलेली आहे."

"कशाच्या आत?" उमाने विचारलं.

"ढोलीत. अहो, गंमत असते. मादी ढोलीत शिरते आणि स्वतःला कोंडून घेते. आपली विष्ठा, चिखल, फळांचा चोथा, जे असेल त्याने ढोलीचं तोंड आतून लिंपते. बोटभर उभी चीर तेवढी ठेवते. नर बाहेरून त्या चिरेतून भरवतो. आत तिची पिसं गळतात, उडता येत नाही. पिल्लं मोठी होईपर्यंत सगळा जीव त्या चिरेवर. आणि लिंपण असं पक्कं की नाना, तुमच्या गवंड्याला जमणार नाही! तुम्ही नाल्याकडेच होता ना? दिसली का कुठे चीर?"

मी म्हटलं, "नाही बुवा."

ज्या गिलाव्यावर मी दहा मिनिटं भाषण ठोकलं होतं तो माझा नव्हताच. खरं तर मी तेव्हाच बोलायला हवं होतं. साडेसातची एस.टी. होती, पकडता आली असती. नाही पकडली. अंधारात काय दिसणार, असं मनाला सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. बाईंनी मागे सांगितलं होतं आणि मी आवाज चढवून त्यांना गप्प केलं होतं. आता कुठल्या तोंडाने सांगणार?

रात्र कशी गेली विचारू नका. मी सिमेंटचा हिशेब करत राहिलो. एका दिवसाचं सिमेंट कोयत्याच्या टोकाने खरवडता येतं. तीन दिवसांनी छिन्नी लागते. आठवड्याने पहार. आणि आत हवा किती? अन्न तर नाहीच. मी कूस बदलत होतो आणि उमा विचारत होती, पोट दुखतंय का.

पहाटेच्या पहिल्या एस.टी.ने निघालो. फाट्यावर उतरून दीड मैल त्या गुडघ्याने जवळजवळ पळत गेलो. नाल्यापाशी पोचलो तर नर आलेलाच होता. राखी रंगाचा, घारीएवढा, वाकडी चोच. ऐनाच्या खोडाला लटकून तो गिलाव्यापाशी मान वाकडी करकरून पाहत होता. गळ्यातून एक पिकलं उंबर वर काढलं, चोचीच्या टोकात धरलं आणि सिमेंटवर टेकवलं. थांबला. थोडं वर टेकवलं. डावीकडे टेकवलं. मग ते उंबर पुन्हा गिळलं आणि उडून गेला. पाच मिनिटांत परत आला. पुन्हा तेच. मी घालायला लावलेला चौदाचा आकडा त्याच्या चोचीसमोर होता.

मी वेड्यासारखा इकडेतिकडे धावलो. शिडी गजाच्या घरी, गजा कारखान्यात, घराला कुलूप. एक बांबू मिळाला, त्याने खालून ढोसायला गेलो तर बांबू दोन हात कमी पडला. दगड मारावा तर आत तिला लागेल. ओरडावंसं वाटत होतं. कुणाच्या नावाने ओरडणार?

गावात त्या वेळी झाडावर चढू शकेल असा एकच माणूस होता.

पदू त्याच्या खाचरात शेण पसरत होता. मला येताना पाहून त्याने पाठ केली. मी बांधावरूनच सगळं एका दमात सांगून टाकलं. चीर, गजाचं खसफसतंय म्हणणं, माझं पाल म्हणणं, बाईंशी खोटं बोलणं, सगळं. पदू पाटी हातात धरून ऐकत राहिला. मला वाटलं आता हा हसेल. मी असतो तर हसलो असतो.

"कोयता तुमच्या पेटीत हाय," तो एवढंच म्हणाला.

सकाळची शाळा भरली होती. मुलं पाढे म्हणत होती. ओसरीवर बसून मी सदऱ्यात हात घालून जानव्याची किल्ली सोडवायला लागलो. गाठ सुटेना. शेवटी पदूने खाली बसून माझ्या छातीजवळची ती गाठ सोडवली. कोयता हातात घेतल्यावर त्याने अंगठ्याने धार पाहिली. महिनाभर पेटीत राहून थोडा गंज आला होता.

ऐनावर तो असा चढला की शिडी कशाला लागते असं वाटावं. वर गेल्यावर एका पायाचा विळखा घातला आणि गिलाव्याला कान लावला.

"फोड सगळं!" मी खालून ओरडलो. "आधी हवा जाऊ दे आत! फोड!"

"गप ऱ्हावा, नाना." त्याने वळूनही पाहिलं नाही. "समदं फोडलं तर उगडी पडंल ती. या दिसांत पंख नसत्यात तिला. घोरपड काढून खाईल."

"तुला कसं ठाऊक?"

"जल्मभर राबासाटी चढलो. डोळं काय खाली ठिवून चढत व्हतो?"

पदू कोयत्याच्या टोकाने गजाने भरलेली चीर तेवढीच खरवडू लागला. खर्र, खर्र. सिमेंटची भुकटी माझ्या डोक्यावर, चष्म्यावर पडत होती आणि मी बाजूला होत नव्हतो. सिमेंट अजून ओलसर होतं, निघत होतं. आयुष्यात पहिल्यांदा मला कच्च्या गिलाव्याचा आनंद झाला.

"पार झाली चीर," पदू म्हणाला. पुन्हा कान लावला. बराच वेळ.

"आहे का रं?" मी विचारलं. मी कधी कुणाला रं म्हणत नाही.

"काय वाजत नाय."

तो उतरला. मला दंडाला धरून त्याने करवंदीच्या जाळीमागे नेलं आणि बसवलं. बसणं म्हणजे मला शिक्षाच. मी दहादा उठलो, दहादा त्याने सदरा धरून खाली ओढलं. आपण तिथे दिसलो तर नर यायचा नाही, हे तो मला लहान पोराला सांगावं तसं सांगत होता. ऊन वर आलं. नर येईना. त्याने नाद सोडला असेल तर? एका संध्याकाळी आणि एका सकाळी किती वेळा परत जायचं कुणी?

दहाच्या सुमाराला तो आला. समोरच्या फांदीवर बसून राहिला. मग खोडाला लटकला, उंबर वर काढलं आणि चिरेला लावलं. कुणी घेतलं नाही. त्याने ते गिळलं. पुन्हा काढलं, पुन्हा लावलं. नाही. तिसऱ्यांदा त्याने उंबर चिरेत धरलं आणि तसंच धरून ठेवलं, आणि आतून चोचीचं पिवळट टोक आलं. हळूच आलं. उंबर आत गेलं.

मी रडलो. एकसष्ट वर्षांचा माणूस, करवंदीच्या जाळीमागे, तोंडावर सिमेंटची भुकटी घेऊन रडलो. पदू दुसरीकडे बघत होता.

दुसरं उंबर आत गेलं, मग तिसरं. मी डोळे पुसले आणि उठलो. अंगात एकदम हत्तीचं बळ आलं होतं. घरी जावं, बाईंना सांगावं, सगळं हसत-हसत सांगावं, थोडं स्वतःवर विनोद करून, असं जुळवायलाही लागलो होतो.

"नाना," पदू म्हणाला, "कालच्या तीन तर पावसापासून उगड्याच व्हत्या, भरताना रिकाम्या दिसल्या आसतील. पन आदीच्या तेरांना कान लावला व्हता का कुनी?"

तेही घरट्यांचेच दिवस होते, मार्च महिना. दिवसाढवळ्या, श्रमदानाच्या घाईत, एकेका सकाळी चार-चार ढोल्या. विटांचे तुकडे, वर माल, तारीख, पुढचं झाड. कुणी कान लावला नव्हता. मी लावू दिला नसता.

आम्ही एक नंबरपासून सुरुवात केली. पेटीतून छिन्नी-हातोडी आणली. वर्षाचं पक्कं सिमेंट, माझ्या हाताखालचं, पदूच्या हातांना फोड आले तरी निघेना. एक रिकामी निघाली. दोन रिकामी. तीन, चार, पाच, नुसता कुजक्या लाकडाचा वास. प्रत्येक वेळी तो वरून म्हणायचा, "काय नाय," आणि मी श्वास सोडायचो.

सहा नंबरला तो काहीच म्हणाला नाही.

खाली आला तेव्हा त्याच्या एका हातात गिलाव्याचा ताटलीएवढा तुकडा होता आणि दुसऱ्या ओंजळीत पिसं. तपकिरी, पांढऱ्या ठिपक्यांची. पिंगळ्याची जोडी असणार, तो म्हणाला, दिवसा ढोलीत झोपलेली असते. त्याने तुकडा माझ्या हातात दिला. वरच्या बाजूला माझं सुबक अक्षर होतं, ६, २०-३-७७. मी तो उलटा केला. विटांच्या फटींतून आत उतरलेल्या सिमेंटवर बारीक-बारीक चरे होते. एकाच जागी. ओल्या सिमेंटवर उमटलेले आणि पुढे ते सुकल्यावरही चालूच राहिलेले, वरवरचे, पांढरट. आतून कुणीतरी खूप वेळ खरवडत होतं. माझा गिलावा सुटला नव्हता. माझा गिलावा कधीच सुटत नाही.

बाकीच्या सात आम्ही त्याच दिवशी उघडल्या. त्यांत काय निघालं ते मी इथे लिहीत नाही. काही रिकाम्या होत्या.

पुढच्या रविवारी मंडळ शाळेच्या ओसरीवर जमलं. पदूही आला, माझ्याबरोबरच आला. मी पेटीची किल्ली पदूपुढे सतरंजीवर ठेवली आणि शेजारी तो तुकडा, चरे असलेली बाजू वर करून. सुचेताबाईंनी वाकून त्यावरून बोट फिरवलं. शास्त्राच्या बाई त्या, लगेच समजल्या. त्यांचा चेहरा उतरला.

"हा कुठल्या ढोलीचा?" त्यांनी हळू विचारलं.

मी तुकडा उलटा केला. अक्षर सगळ्यांच्या ओळखीचं होतं. मग मी उभा राहून सहा नंबरचं सांगितलं, बाकीच्यांचं सांगितलं आणि शेवटी चौदा नंबरचंही, बाईंशी बोललेल्या खोट्यासकट. माझा आवाज मला अनोळखी वाटेल इतका बारीक येत होता.

कोपऱ्यातून गजा उठला. त्याचे डोळे भरले होते. "नाना, चौदाला माल तर म्या लावला. तुमी एकटं नका आंगावर घेऊ."

"गजा, बस खाली," मी म्हटलं. "आत काहीतरी खसफसतंय हे तू सांगितलं होतंस. ऐकलं मी नव्हतं."